किनाऱ्यावर दिलेलं नाव

देवमाशाची चरबी हाताला लागली की सहज जात नाही. राखेनं घासा, वाळूनं घासा, वास नखांत राहतो.

*

माझं नाव योरुन, कारण माझ्या वडिलांची आई योरुन होती. ती हिवाळ्यात गेली, मी उन्हाळ्यात आले. ती जिवंत असती तर मला दुसरं काहीतरी नाव मिळालं असतं.

*

कोल्हे हिवाळ्यात पांढरे होतात. उन्हाळ्यात ते खडकाच्या रंगाचे असतात. दिसत नाहीत, पण असतात.

*

कमरेला किल्ल्यांचा जुडगा असला की चालताना तो मांडीवर आपटतो. किल्ल्या नसलेल्या बाईचं चालणं मुकं असतं.

*

बाळ जवळ नसलं तरी दूध येतं.

*

घरामागे, ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन दगड आहेत. आजूबाजूच्या सगळ्या दगडांवर शेवाळ आहे. त्या दोनांवर नाही. कोणीतरी ते खरवडून काढतं.

*

केतिल, माझा नवरा, जहाजावर पाय ठेवता ठेवता मागे वळला आणि म्हणाला, "मुलगा झाला तर ठेवा. मुलगी झाली तर उघड्या खडकावर." मग त्यानं धाकट्या भावापुढे हात केला. भावानं तो धरला. शीड वर गेलं. त्या शिडातला एक पट्टा मी विणलेला होता.

*

"देवमासा लागलाय."

ग्लुमनं दार ढकलून नुसतं डोकं आत घातलं होतं. ग्लुम म्हणजे तोच धाकटा भाऊ, केतिलच्या मागे घर सांभाळणारा. धावत आल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर, भला मोठा मासा अडकला होता, आणि पलीकडच्या शेतावरचा हास्तेन आपली माणसं घेऊन आधीच होड्यांत बसला होता. ज्याचे आकडे आधी माशात रुततील त्याचा वाटा मोठा. घरातला प्रत्येक हात त्याला हवा होता.

मी मागापाशी उभी होते. धागे वर ठोकायची हाडाची पट्टी माझ्या हातात होती आणि तोंडात लोकरीचा बोळा होता. पहाटेपासून कळा येत होत्या. बोळा मी ग्लुमची चाहूल लागताच तोंडात घातला होता.

त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुला अजून वेळ आहे ना?"

मी मान हलवली. आहे.

तो गेला. त्याच्यामागून गडी गेले, दासी गेल्या, कुत्रीसुद्धा गेली. लांबलचक घरात मधोमध चूल जळत राहिली आणि मागे आम्ही तिघी उरलो. मी, माझी सासू बेरा, आणि मुरेन.

मुरेन दासी होती. समुद्रापलीकडून लहानपणी धरून आणलेली. तिचे केस दासींचे असतात तसे मानेपर्यंत कापलेले होते, आणि चुलीच्या उबेला तिचं स्वतःचं पोर लोकरीच्या टोपलीत झोपलं होतं.

बेराबद्दल काय सांगू. आमच्याकडे सासूलाही नावानंच हाक मारतात, अरेतुरेनं. नावानं हाक मारणं हाच मान. दिवसभर घरात तेच नाव ऐकू यायचं. बेरा, ताक संपलं. बेरा, मेंढी व्यायली. बेरा, कोठार उघड. ती कधीच ओ द्यायची नाही. किल्ल्यांचा आवाज यायचा, म्हणजे ती आली. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्या आवाजानं माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

आणि ते दोन दगड तिचे होते. मुरेननंच मला सांगितलं होतं. केतिलच्या आधी एक आणि केतिल-ग्लुमच्या मधे एक. दोन्ही मुली. दोघींना नावं नव्हती.

*

हे आधी सांगायला हवं होतं.

आमच्या खाडीत मूल जन्मतं म्हणजे नुसतं बाहेर येतं. ते जमिनीवर असतं. मग घरातलं कोणीतरी त्याला उचलतं, पाणी शिंपडतं, नाव देतं, आणि नावाबरोबर काहीतरी वस्तू देतं, म्हणजे नाव चिकटून राहतं. हे सगळं घराबाहेरच्या एका स्वतंत्र माणसानं पाहावं लागतं. तेवढं झालं की ते माणूस. त्यानंतर त्याला कोणी बाहेर टाकलं तर तो खून.

त्याआधी टाकलं तर काहीच नाही.

बहुतेक बापच उचलतो. बाप नसेल तर ज्याच्या हाती बापानं हात दिला तो.

*

मी चुलीपाशी पसरलेल्या गवतावर गुडघे टेकून बसले. बेरा मागे बसली आणि तिनं माझ्या काखेखालून हात घालून मला धरलं. तिचे हात ताठ होते. किल्ल्या माझ्या पाठीला रुतत होत्या. मी तिला त्या काढायला सांगितलं, तर म्हणाली, "रुतू दे. तेवढंच दुसरीकडे लक्ष."

मुरेन पुढे होती. मी ओरडले की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची, आणि मग तिच्याच लक्षात यायचं की ऐकायला कोणी नाही, आणि ती हात काढायची. खालून किनाऱ्यावरून गड्यांच्या आरोळ्या येत होत्या. सगळे एका ठेक्यात ओढत होते. मीही त्याच ठेक्यात जोर करायला लागले. मला हसू आलं. मी मुरेनला म्हटलं की ते शेपूट ओढतायत आणि आपण डोकं. मुरेन हसली. बेरा हसली नाही.

मग ते झालं.

मुरेननं वाकून पाहिलं आणि मान वर केली नाही. तिनं वर न पाहण्यावरूनच मला कळलं.

"मुलगी," बेरा म्हणाली.

नाळ तिनंच कापली. बाळ तिनं गवतावर ठेवलं, चुलीच्या बाजूला, आणि उभी राहिली. बाळ ओलं होतं, लाल होतं. त्याच्या कपाळावर काळे केस चिकटले होते आणि ते हात हवेत असे फिरवत होतं जणू काहीतरी हरवलंय. रडत नव्हतं. त्याला उचलायचं कोणी, हा प्रश्न घरात उभा होता आणि आम्ही तिघीही त्याच्याकडे पाहत नव्हतो.

मी हात लांब केला. ओढून तिला छातीशी धरलं. तिनं तोंड उघडलं.

बेरानं आपला तळहात मधे घातला. माझी छाती आणि ते तोंड यांच्या मधे.

"पाजू नकोस."

"भूक लागली असेल."

"पाजू नकोस म्हटलं ना."

तिनं बाळ काढून घेतलं आणि परत गवतावर ठेवलं. मग दार उघडून ती बाहेर गेली, किनाऱ्याकडे काय चाललंय ते पाहायला. कोण येतंय का ते पाहतेय, असं मला वाटलं. ग्लुमला हाक मारायला.

*

दार लागल्या लागल्या मुरेन माझ्या कानाशी आली.

"माझ्या टोपलीत ठेवू."

"काय?"

"माझंच म्हणू. मला दुसरं झालं म्हणू."

"तुझं पोट कोणी पाहिलं नाही का इतके दिवस?"

"दासीच्या पोटाकडे कोण पाहतं," मुरेन म्हणाली. "तुझं मेलं म्हणून सांगू. हिला मी पाजीन. मोठी होईल. केस कापलेले असतील, एवढंच."

मी तिच्या मानेवरच्या केसांकडे पाहिलं. मला दिसलं की एक मुलगी विहिरीवरून पाणी आणतेय. माझ्यासारखे खांदे आहेत. ती बादली माझ्यापुढे ठेवते आणि मी तिच्याकडे पाहायचं नाही. केतिल एखाद्या संध्याकाळी तिच्याकडे पाहील आणि त्याला अडवायला माझ्याकडे शब्द नसेल. पाहुण्याला आवडली तर तो तिला देऊनही टाकील, एखादी मेंढी द्यावी तशी.

"घे," मी म्हटलं.

मुरेननं तिला उचललं, टोपलीत आपल्या पोराच्या पायाशी सारलं आणि वर लोकर ओढली. दोन्ही पोरं गप्प होती. आम्ही घाईघाईनं गवत गोळा करू लागलो.

किल्ल्या वाजल्या.

बेरानं गवताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मुरेनकडे पाहिलंही नाही. सरळ टोपलीपाशी गेली, लोकरीत हात घातला आणि सशाला बिळातून काढतात तसं बाळ बाहेर काढलं.

"या घरातली मुलगी दासी होणार नाही," ती म्हणाली.

"बेरा," मी म्हटलं. "तुझी नात आहे ती."

"अजून नाही."

तिनं खांद्यावरची शाल काढून बाळाला गुंडाळलं. मुरेनला सांगितलं की हिला उठू देऊ नकोस. जाताना तिनं खुंटीवरची लाकडी पळी घेतली आणि कमरेला खोचली. मी ते पाहिलं. घाबरलेल्या माणसाला वस्तू दिसतात, त्यांचा उपयोग दिसत नाही.

दार लागलं.

*

दारातून दोन वाटा फुटतात. एक खाली किनाऱ्याकडे. एक वर, ओढ्याच्या कडेनं, त्या दोन दगडांपाशी, आणि तिथून पुढे उघड्या खडकाकडे.

मी उठले. मुरेननं मला धरून ठेवायला हवं होतं, तसं तिला सांगितलं होतं, पण तिनंच मला आधार दिला. मी मागाच्या खांबाला धरलं. माग हलला, खाली बांधलेली दगडी वजनं एकमेकांवर आपटली. मग भिंतीला धरत, मग दाराला. मुरेननं दार वीतभर उघडलं.

बेरा वर चालली होती.

*

इथे मी थांबते. कारण इथे मी थांबले होते.

मांड्यांवरून गरम काहीतरी वाहत होतं. मी ओरडले असते तर ती थांबली नसती. गेले असते तर अर्ध्या वाटेत पडले असते. तरी मी मुरेनला म्हटलं की तू जा, धाव, हिसकावून घे. मुरेन दाराला धरून उभी राहिली. मालकिणीवर हात टाकणाऱ्या दासीचं काय होतं ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी पुन्हा म्हटलं नाही.

बेरा दोन दगडांपाशी पोचली. थांबली. खाली बसली. तिची पाठ आमच्याकडे होती. बाळाचं रडणं आता पहिल्यांदा ऐकू आलं, बारीक, वाऱ्यानं तुटणारं.

मग ती उठली आणि उतारामागे दिसेनाशी झाली.

रडणं ऐकू येत राहिलं. मग कमी झालं.

मग नाही.

*

मी परत गवतावर येऊन बसले असताना ग्लुम आला. त्याला दोर हवे होते. कोपरापर्यंत हात चरबीनं चमकत होते आणि त्याच्याबरोबर तो वास आत आला. खूश होता. हास्तेनशी भांडण जुंपलं होतं खरं, शेपूट कुणाचं यावरून, पण मासा एवढा मोठा की दोन्ही शेतांना पुरून उरेल, असं तो सांगत होता. बोलता बोलता त्याला गवतावरचं रक्त दिसलं.

तो थांबला.

"कुठे आहे?"

"बेरा घेऊन गेली," मी म्हटलं.

त्यानं सावकाश मान हलवली. "बरं. म्हणजे मुलगी."

तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्यानं कमरेच्या पिशवीतून पानात गुंडाळलेला मांसाचा तुकडा काढला. ताजा, अजून ऊब असलेला. माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, चुलीवर शेकून खा, अंगात रक्त भरेल. या हिवाळ्यात कुणाला काही कमी पडणार नाही.

"मग कशाला?" मी विचारलं.

"काय कशाला?"

"कमी पडणार नाही, तर कशाला?"

त्यानं हात पाहिले. पुसायला काही मिळालं नाही म्हणून तसेच धरून राहिला.

"केतिलला मी हात दिलाय."

"केतिल इथे नाही."

"येईल तेव्हा असेल," तो म्हणाला. "येईल आणि विचारील. तू काय सांगशील, मासा लागला होता म्हणून?"

केतिलचं परत येणं त्या घरात छपरासारखं होतं. आम्ही सगळे त्याच्याखाली वाकून चालायचो, तोसुद्धा. ग्लुमनं दोर खांद्यावर टाकले. दारापाशी जाऊन तो म्हणाला की आईला हे नवं नाही, तिनं नीट केलं असेल, लांब नेलं असेल.

आणि तेव्हा ते पुन्हा ऐकू आलं.

रडणं. मोठं, भुकेलेलं, चिडलेलं रडणं. वरून नाही. खालून. किनाऱ्यावरून.

ग्लुमनं माझ्याकडे पाहिलं, जणू मी पोटातून ते काढलंय. मग दोर टाकून तो धावला.

*

ओढा दगडांपासून वळसा घेत खाली किनाऱ्यालाच येतो. हे मला माहीत होतं. त्याच ओढ्यात मी कपडे धुवायची.

मुरेननं मला खाली नेलं. मी चालले की तिनं मला उचललं, आठवत नाही. आठवतो तो मासा. घराएवढा काळा, त्याची एक बाजू सोललेली, पांढरी, वाफाळती. त्याच्यावर माणसं उभी होती, हातात लांब सुऱ्या घेऊन, आणि कोणीही काही कापत नव्हतं. आमची एका बाजूला, हास्तेनची दुसऱ्या बाजूला. मधे वाळूवर बेरा. तिच्या हातात बाळ, आणि बाळ आकाश फाडत होतं.

हास्तेन म्हातारा होता. थंडीनं त्याचा एक कान झडला होता, त्यामुळे तो मान तिरकी करून ऐकायचा.

"ग्लुम," तो म्हणाला, "तुमच्याकडच्या बायका माशाबरोबर पोरंही ओढून आणतात वाटतं."

कोणी हसलं नाही.

"हास्तेन," बेरा म्हणाली. "तुला ऐकू येतंय ना?"

"बहिऱ्यालाही येईल."

"जिवंत आहे ना?"

"आहे की."

तिनं कमरेची पळी काढली. ओढ्याचं पाणी तिथे वाळूत पसरून समुद्राला मिळत होतं. ती वाकली, पळी भरली. मला तेव्हा कळलं पळी कशाला होती, आणि कळल्याबरोबर माझी भीती कमी झाली नाही, वाढली. कारण ग्लुम तिच्यापासून काही पावलांवर पोचला होता आणि त्याच्या हातात सुरी होती, ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"बेरा," तो म्हणाला. "थांब."

तिनं बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं. बाळाचा श्वास अडकला आणि मग ते आणखी मोठ्यानं रडलं.

"हिचं नाव बेरा," ती म्हणाली.

माशावरचा एक जण खाली उतरला, जणू उंचावर उभं राहणं बरं नाही. जिवंत माणसाचं नाव आमच्याकडे कोणी देत नाही. वेडी बाईसुद्धा देत नाही. नाव एक असतं, ते एका वेळी एकाच्याच अंगावर असतं, अंगरख्यासारखं.

हास्तेननं मान तिरकी केली. "बाई, ते तुझं आहे."

"होतं."

"मग तू कोण?"

तिनं कमरेचा जुडगा सोडला. तो तिनं सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. झोपेतही नाही. तो बाळाच्या हातात मावेना, म्हणून तिनं तो शालीवर, बाळाच्या पोटावर ठेवला.

"नावाबरोबर हे," ती म्हणाली. "ऐकलंस?"

हास्तेननं ग्लुमकडे पाहिलं. त्याच्या सुरीकडे पाहिलं. त्या सकाळी शेपटीवरून दोघं एकमेकांना काय काय बोलले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. ग्लुमला नको असलेली कुठलीही गोष्ट ऐकायला तो माणूस त्या दिवशी तयार होता.

"ऐकलं," हास्तेन म्हणाला. त्याच्या मागे त्याची माणसं एकामागून एक म्हणाली, ऐकलं.

मग ती ग्लुमकडे वळली. त्याच्या छातीला बाळ टेकेल एवढी जवळ गेली. सुरी दोघांच्या मधे होती.

"आता टाक बेराला बाहेर."

ग्लुमचे ओठ हलले. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचे होते, पण भीतीनं उघडेच राहिले. त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोणती हाक मारायची ते त्याला कळेना. सुरी वाळूत पडली. पाऊल मागे घेताना त्यानं त्या सुरीवरच पाय दिला, पण बघितलं नाही.

तिनं बाळ माझ्या हातात आणून दिलं. किल्ल्यांसकट. त्या थंड होत्या.

"आता पाज," ती म्हणाली.

*

त्या दिवसापासून तिला हाक मारता येईना. सकाळी सवयीनं कोणीतरी म्हणायचं, बेरा, आणि मग जीभ चावायचं, कारण बेरा पाळण्यात होती. ती दाराजवळ झोपू लागली, जिथे वाटसरू झोपतात. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. ग्लुम तिच्याशी बोलायचा नाही, पण तिच्या अंथरुणाखाली नवं गवत तोच घालायचा. मुरेनला कोठार उघडून हवं असलं की माझ्याकडे यावं लागायचं. किल्ल्या मुलीच्या, पण ती मोठी होईपर्यंत माझ्या कमरेला. मी चालले की वाजायच्या आणि दासींच्या पाठी ताठ व्हायच्या. मुरेनचीसुद्धा.

गडी कुजबुजायचे की आपलं नाव देऊन टाकलेला माणूस फार दिवस टिकत नाही, नाव आपल्या मागे जीवही ओढून नेतं. मी रोज सकाळी दाराकडे पाहायची. ती उठलेली असायची. वारा नसेल तेव्हा उतारावर बसून लोकर कातायची आणि समुद्राकडे पाहायची.

मीही पाहायची. खाडीत नाव दिलेल्या मुलीला केतिल टाकू शकत नव्हता. पण मला घराबाहेर काढू शकत होता. मुलीला कुठे लांब वाढवायला देऊन टाकू शकत होता. आणि रागात माणूस काय करतो ते कुठल्याच कायद्यात नसतं. पाण्यावर पांढरं काही दिसलं की माझं दूध आटायचं. बहुतेक वेळा तो पक्षी असायचा.

एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाळ मांडीवर होतं. बरंच काही विचारायचं होतं. सुरुवात कुठून करायची कळेना, कारण हाकच नव्हती.

"तुझ्या आईचं नाव देता आलं असतं," मी म्हटलं. "ती तर केव्हाच गेली."

"ग्लुमनं तिला पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "न पाहिलेल्या माणसाला बाहेर टाकणं सोपं असतं."

चाती फिरत राहिली.

"आणि पाजू का दिलं नाहीस?"

"पाजलं असतं तर झोपली असती. झोपलेल्या पोराची साक्ष कोण देतो? म्हणाले असते, मेलेलंच होतं."

"मला सांगायचंस तरी."

"तुझा चेहरा मी पाहिलाय," ती म्हणाली. "त्यावर काही झाकून राहत नाही. ग्लुम दोरांसाठी येणार हे मला माहीत होतं."

मी बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. सगळ्यात शेवटी मी ते विचारलं, जे मला सगळ्यात आधी विचारायचं होतं. खाली जायचं होतं, तर ती वर का गेली होती, त्या दोन दगडांपाशी.

तिनं दोरा तोडला. गाठ मारली.

"त्यांना विचारायला," ती म्हणाली. "चालेल का म्हणून."

तेवढ्यात तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला. खाडीच्या तोंडाशी काहीतरी पांढरं होतं. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. मी बाळाला शालीत झाकलं, जणू एवढ्या लांबून कोणी पाहणार होतं. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ते पांढरं जवळ येत नव्हतं आणि जातही नव्हतं, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत हललो नाही.

*

केतिलचं जहाज तो निघाला त्या उन्हाळ्यातच, आमच्याकडे गवतकापणी सुरू व्हायच्या आधी, मासा लागायच्याही आधी, सगळ्या माणसांसह बुडालं होतं.